चटई कोण उचलणार

बस भरली की आमच्या सामोआत माणसं ओळख न बघता एकमेकांच्या मांडीवर बसतात. आपियाच्या दवाखान्यापासून माझ्या मांडीवर एक जाडजूड बाई होती. शेजारी तिची भाची फुआतिनो, हाताला ताजे टाके.

“तुझ्यावर हात टाकला ना, पहाटेपासून त्याचं सगळं घर आपल्या अंगणात बसलंय गं, डोक्यावर बारीक विणीची चटई घेऊन. माफी मागतायत.”

“आणि तो?”

“घरी पडलाय. जबडा तूच फोडलास ना?”

“गळा धरला होता त्यानं माझा, आत्या! मी काय गाणं म्हणायचं होतं?”

“हळू बोल. चटईखाली त्याची म्हातारी आजी आहे. उन्हात.”

“काका काय म्हणतात?”

“ते घराण्याचे प्रमुख. त्यांनी चटई उचलली, सगळ्यांना आत घेतलं, की मिटलं.”

“कुणाचं मिटलं? उद्या नळावर तो मलाच भेटणार.”

“आणि नाही उचलली तर? तुझे भाऊ कोयते घेऊन उभे आहेत, पोरी.”

“काकांना फोन लाव.”

“काय सांगू?”

“आजीला सावलीत घ्या, नारळपाणी द्या. चटई तिथेच राहू दे. तो स्वतः येऊन तिच्याखाली बसला, की मी उचलेन.”

“असं कधी कुणी केलंय का?”

“लाव ना, आत्या.”

आत्यानं फोन काढला. माझ्या मांडीवर सावरून बसत तिनं नंबर लावला.

“दादा, मी बोलतेय. चटईला हात लावू नकोस. फुआतिनो येतेय.”