नर्सबाईच्या लवंगा

हसू नका, पण लवंग म्हटली की आपल्याकडं दाढच आठवते ना? नव्वद सालच्या आसपास बेला गावात आमच्या घरी आफ्रिकेची एक नर्सबाई भाड्यानं राहे. एकटीच. दर बाजारी मूठभर लवंगा घेई. माय म्हणे, "बिचारीची दाढ दुखून राह्यली." मंग माय रोज संध्याकाळी तिले मऊ खिचडी नेऊन देई.

महिन्यानं मायनं पाह्यलं, तर बाई लवंगा उकळून ते पाणी डोक्याले लावून राह्यली होती. मोडक्या हिंदीत म्हणाली, "हमारे गाँव में माँ बालों को यही लगाती है."

माय भडकली, "दात चांगले होते, तं महिनाभर खिचडी काऊन खाल्ली?"

बाई खाली पाहून बोलली, "दाँत ठीक है बोलती, तो आप रोज नहीं आती ना."