मिसरी बघून निवडलेलं लेझर

...आन वर तोंड करून मला इचारती कशी ती डाक्टरीन, "काकू, दिवसाला सिगारेट किती ओढता?"

सिगारेट! मला! आवो, तीस वर्सं झाली मिरजगावात नांदते, डोईवरचा पदर कधी खाली येऊ दिला न्हाई, आन ही कालची पोर मला सिगारेटीचं इचारती? म्हन्ली, "तुमच्या ओठांभोवती या उभ्या रेषा आहेत ना, त्या सिगारेट ओढणाऱ्यांना पडतात." मी काय बोलायच्या आत आमची स्नेहल, माझ्या पोटची पोर बरं का, शेजारी बसून सांगती, "नाही मॅडम, मम्मी मिसरी लावते. दिवसातून सहा वेळा." सहा! चार वेळा लावते वो! सकाळी उठल्यावर, धारा काढल्यावर, जेवल्यावर आन... बरं पाच. पन सहा कुठनं आनलं हिनं? त्या डाक्टरनीनं आसं नाक मुरडलं, आन रबरी हातमोजा घातलेल्या बोटानं माझा वरचा व्हट उचलून दात बघितलं. बाजारात म्हशीचं बघत्यात तसं! शिसारी आली बघा मला, शिसारी! तिला माझी आली आसंल, पन मला तिची आधी आली.

आता तुमी म्हनाल, जयाबाई, गेल्तीस कशाला मग नगरला झक माराया? सांगते ना! आमच्या आदिनाथाचा साखरपुडा हुता. समदी नटूनथटून उभी, आन त्यो फोटोवाला मला म्हनतो, "आजी, जरा बाजूला व्हा, नवऱ्या मुलाच्या आईला पुढं येऊ द्या." आजी! पन्नाशी गाठली न्हाई आजून म्या! शेजारी विहीनबाई, कोपरगावच्या राजेश्वरीबाई, माझ्याच वयाच्या, पन तोंड आसं की आत्ताच इस्त्री फिरवलीया. समदं कार्यालय हसलं. आमचे हेबी हसले! हसताना पोट धरलं हुतं त्यांनी, म्या डोळ्यांनी बघितलं. तिथं म्याबी हसले, काय करता? पन घरी आल्यावर गोठ्यात जाऊन रडले. नऊ म्हैने पोटात वागवलं कुनी, वो? रात रात जागून मोठं केलं कुनी? आन फोटोत मी आजी? तवाच ठरवलं, लग्नाला अडीच म्हैने हायेत, मांडवात ज्यो बघील त्यानं म्हनलं पायजे, ही बघा पोराची आई.

म्हनून ग्येले त्या कातडीच्या डाक्टरनीकडं, सुरकुत्या घालवाया. तर त्या डाक्टरनीनं पुढ्यात एक जाडजूड वही टाकली. कुनाकुनाची तोंडं तिच्यात! आधीचं तोंड, नंतरचं तोंड, मधलं तोंड. मधलं तर बघू नका बाई, सोललेलं, चिघळलेलं, पानी सुटलेलं, आन त्या बायका मेल्या फोटोत हसत्यात! शिसारी आली बघा, शिसारी! आन म्हन्ली, "काकू, दोन प्रकारची लेझर आहेत, तुम्ही निवडा." मी निवडू? माझी साडी आजून स्नेहल निवडती! एक म्हनं कडक. एकाच दमात वरची कातडी जाळून काढायची, खालनं नवी येती. धा-बारा दिस खपल्या, पुढं म्हैना-दोन म्हैने लाली, उन्हात जायचं न्हाई, चुलीम्होरं बसायचं न्हाई. दुसरं म्हनं हलकं. चारदा यायचं, तीन-तीन आठवड्यांनी, त्रास काय न्हाई, शेजारणीला कळायचंबी न्हाई, पन फरक हळूहळू. "तुमच्या रंगाच्या कातडीला डाग पडू शकतो, म्हणून मी हलकंच सांगेन," आसं तिनं चांगलं दोनदा सांगितलं. खोटं कशाला बोलू?

म्या एकच इचारलं. "मिसरीचं काय?"

तर म्हन्ली, "बंद! तंबाखूनं जखम भरत नाही. कडक केलं तर आधी पंधरा दिवस आणि नंतर तीन आठवडे. हलकं केलं तर चारही वेळा होईपर्यंत, म्हणजे अडीच-तीन महिने."

आता सांगा, हितं इचार करायला काय हाय? पाच आठवडे कुठं आन तीन म्हैने कुठं! कुनीबी श्यानी बाई कडकच घील का न्हाई? स्नेहल वरडायला लागली, "मम्मी, तू चेहऱ्याचं बघतीस का मिसरीचं?" ह्यांना फोन लावला तर हे म्हनले, "एकदाच काय ते उरक, कांदं काढायला आल्यात, चार-चार खेपा कोन घालील?" झालं! निवडलं कडक.

ते आधीचं पंधरा दिस काय सांगू तुमाला... डोकं ठनकायचं, बडीशेप चावून चावून जीभ सोलवटली, म्हशीवर उगाच वरडायचे, ती बिचारी दूध चोरायला लागली. आन मग त्यो दिस! डोळ्यांवर चष्मा चढवला, तोंडाला मलम फासून बधिर केलं, आन त्या मशिनीनं टिक टिक टिक टिक... आवो, वास! केस जळाल्यावर येतो ना, त्यो! कुनाचा? माझाच! आन एक पोरगी शेजारी नळी धरून धूर वडून घेत हुती. माझा धूर वो! जित्या मानसाचा! शिसारी आली बघा, शिसारी! आरशात बघितलं तर तोंडाभोवती लालभडक गोल, त्यातनं पिवळं पानी, आन डाक्टरीन म्हनती, "छान झालंय."

छान!

घरी आले ती नाकापर्यंत पदर वडून. घरात बजावलं, कुनाला बोलायचं न्हाई. व्हट हलवता येईना म्हनून नळी लावून ज्वारीची पेज प्यायचे. आन आमची शेजारीन बनुबाई! तिला कंपाउंडच्या भिंतीवरनं समदं दिसतं. तिनं काय बघितलं? जया पंधरा दिस झालं सकाळी वट्यावर मिसरीला बसली न्हाई. एक. तोंडावर पदर, तेबी नगरच्या दवाखान्यातनं आल्यापासनं. दोन. भाकरी सोडून नळीनं पेज पिती. तीन. झालं की! दुपारपतुर गावभर, जयाला तोंडाचा कॅन्सर झाला.

आन आमच्याकडं आजाऱ्याला भेटाया कुनी मोकळ्या हातानं येत न्हाई. बिस्किटाचं पुडं, केळी, शहाळी... घरात पाय ठेवाया जागा न्हाई. ज्या तोंडाला लपवायचं, तेच बघायला गाव! समदी खाटंभोवती बसायची आन कुनाकुनाचा जबडा कसा काढला, कुनाच्या गालाला भोक कसं पडलं, त्यातनं च्या कसा गळायचा, हे मलाच सांगायची. आन छबूबाईनं तर "बघू दे गं, बघू दे" करत फाटदिशी पदरच वडला माझा! वर खपल्या, खाली पू आल्यावानी मलम. "आगं आई गं!" आसं किंचाळली, भायेर ग्येली, भडाभडा वकली, आन कमरेची मिसरीची डबी काढून गटारीत रिकामी केली. सांजच्यापतुर समद्या आळीनं मिसरी सोडली. मला बघून!

तुमी म्हनाल, खरं का न्हाई सांगितलंस? कसं सांगू? लेझर केलं म्हनलं तर पोराच्या लग्नात सासू नटाया निघाली म्हनून मरस्तवर हसतील. कॅन्सर म्हनलं तर निदान बिस्किटं तरी आनत्यात. गप बसले. तिथंच चुकलं माझं.

सहाव्या दिशी कोपरगावसनं विहीनबाई गाडी भरून आल्या. आख्खं गाव अंगनात. राजेश्वरीबाईंनी माझा हात धरला आन रडत म्हनल्या, "आता पावणेदोन महिने थांबायचं नाही. आठ दिवसांत लग्न करू. ताईंच्या डोळ्यांदेखत अक्षता पडू द्या. मागनं काही बरंवाईट झालं तर वर्षभर कार्य करता येणार नाही."

आठ दिस! ह्या तोंडानं! ज्या लग्नासाठी कातडं जाळून घेतलं, त्या लग्नाला हे तोंड? ऱ्हावलंच न्हाई मला. पदर फेकला आन वरडले, "आवो, मला काय झालं न्हाई! म्या सुरकुत्याचं लेझर केलंय, लेझर!"

आन मग राजेश्वरीबाई माझ्या गळ्यात पडून हुंदकं द्यायला लागल्या, "बघा, बघा, लेकाला धीर यावा म्हणून काय काय बोलतीय माऊली!" झालं, आख्खं अंगन रडाया लागलं! म्या ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांना तर ठाव हाय ना? तर हे मान खाली घालून म्हनत्यात कसं, "आठ दिसांत कार्यालय मिळतंय का बघू." आन माझ्या कानात, "आता बोललीस तर दोन्ही तालुकं हसतील." शिसारी आली बघा, शिसारी! तोंडाची न्हाई, मानसांची!

झालं लगीन. मला मांडवात मधोमध खुर्चीत बसवलं. ह्यो येऊन पाया पडतो, ती येऊन पाया पडती, "पोराची आई, पोराची आई." ही कोन, म्हनून एकानं इचारलं न्हाई. पन पदर नाकापतुर! डोळं तेवढं दिसत हुतं, आन त्येबी रडून सुजल्यालं.

आता? आता समदं बरं झालंया. डाग न्हाई, काय न्हाई. या, जवळ येऊन बघा, हाय का एक तरी सुरकुती? पन बघतंय कोन! गावाला वाटतं, जया मरनाच्या दारातनं माघारी आली, आता हिला जपायची. दुकानदार तंबाखूची पुडी देत न्हाई, "वैनी, माझ्या हातानं पाप नको." पाच आठवड्यांसाठी निवडलेलं कडक, जल्माचं कडक झालं वो! आन नवी सून, सृष्टी, लई गुनाची पोर, म्या कुठं चोरून मिसरी लावती का म्हनून रोज सकाळी मोबाईलची बॅटरी लावून म्होरं उभी ऱ्हाती, आन आख्ख्या आळीला ऐकू जाईल आसं म्हनती, "आई, आ करा."

आई म्हनती ना? मग करते आ.