खिडकीतली वाटी

साउथहॅम्प्टनच्या बसमध्ये रंभाबाईंच्या पुढच्या सीटवर मायलेकी बसल्या होत्या. मराठी इथे कोणाला कळतंय, अशा समजुतीने दोघी मोकळेपणी बोलत होत्या.

“तुझ्या खिडकीतल्या वाटीतलं दूध मी प्यायले गं. मध होता ना त्यात?”

“आई, ते का प्यायलीस?”

“प्रसाद म्हणून. तुझे देव ग्रीक असले तरी देवच ना?”

“झ्यूसचं असतं तर चाललं असतं. त्याला थोडं ओततात, उरलेलं आपण पितो. पण तो वाटी गेलेल्या माणसांचा होता.”

“ती वाटी.”

“ती वाटी. त्यांचं आपण चाखायचं नसतं. सगळं मातीत ओतायचं.”

“तुझं कोण गेलंय एवढं?”

“बाबा.”

बस सिग्नलला थांबली आणि पुन्हा निघाली.

“त्यांच्या श्राद्धाला तू खोलीतून बाहेरसुद्धा आली नाहीस, स्वराली. मला वाटलं, विसरली पोरगी बापाला.”

“त्या मंत्रांतलं मला काही कळत नव्हतं. हे मी वाचून वाचून शिकले. यात ओतताना त्यांना हाक मारायची असते.”

“काय हाक मारतेस?”

“बाबा. दुसरं काय मारणार?”

रंभाबाईंचा स्टॉप आला, पण त्यांना काही उठवेना.

“आज पुन्हा ओतशील?”

“हो. तू प्यायलीस ना ते.”

“मग मध नको घालूस. त्यांना मधाचा वाससुद्धा चालायचा नाही. मी गूळ किसून देते.”