हिरव्या तोंडाचा सेनापती

हॅलो?... हॅलो! कोण, वत्सी?... अगं लई खरखर यायली, थांब, अंगणात येते... हां, बोल आता.

बघितला तर! 'शनीच्या पल्याड'चा शेवटचा भाग आन् मी सोडते व्हय?... आन् तू?... न्हाई बघितला? कावून?... वान्नेर?... छत्रीवर?... अगं बया!

हसत न्हाई गं... बरं, हसले. पर वान्नेरानं डिशची छत्री फिरवायची, ती बी कालच... समदी परळी सोडून तुझ्याच माडीवर यायचं त्यानं?... हो, हो, सांगते ना. बूड टेकव आधी.

कुठवर बघितलंस?... यान तांबड्या ग्रहाच्या कपारीत अडकलं तिथवर?... हां, ती कॅप्टनीण, मीनाक्षी, दार बडवायली, हवा संपत आलीय... आन् हिरव्या तोंडाचा सेनापती बाहेर उभा...

वत्से, त्याला शिव्या दिऊ नको.

न्हाई, आज न्हाई... मुडदा म्हणू नको गं त्याला!... अगं ऐक ना. ऐकून तर घे... तो हिरवा सेनापती आपला धर्मा हाय.

...हॅलो?... हायस का?

धर्मा. धर्मराज. मह्या पोटचा. दुसरा कोणता धर्मा हाय आपल्यात?

मला पयल्यापासून ठावं होतं... तुला कसं सांगू? त्यानं शपथ घातलती. म्हणला, माय, शेवटच्या भागात मुखवटा निघणार हाय, तवर कुणापाशी बोलायचं न्हाई, कंपनीची अट हाय... अगं, जीव तुटायचा ना! भाग संपला की तुझा फोन, म्हणायचीस, त्या हिरव्याच्या तोंडाला कीड पडो, त्याचं तळपट होवो. मी इकडं पदर तोंडात धरून बसायची.

कसा वळकशील? आवाज त्याचा न्हाईच. आवाज दुसऱ्याचा लावलाय... न्हाई गं, न्हाई लागला तुझा शाप. धडधाकट हाय. सर्दी बी न्हाई त्याला... रडू नको, वत्से. मावशी तू धर्माची, शिव्या दिल्यास त्या हिरव्याला... डोळं पूस. पुढचं ऐक.

तुझ्या दाजीला? त्यांना कुठलं सांगते! घरात धर्माचं नाव काढायची सोय होती का? हे म्हणले, शाळा शिक, न्हाईतर मेंढरं बघ. आन् पोरगं गेलं मुंबईला, नाटकात काम करतो म्हणून. तवापासून बोलणंच बंद. पोरगं दर सणाला यांना फोन लावायचं. हे फोनाकडं बघत बसायचे... न्हाई, बंद बी करत न्हवते. नुसतं बघायचे.

कुठं बघितला म्हंजे? अर्जुनरावांच्या ओसरीत. त्यांनी भिंतीएवढा टीव्ही घेतलाय ना, निवडणुकीचा निकाल बघायला. अर्धं उमापूर तिथंच... यांना कसं नेलं? म्हणलं, अर्जुनरावांनी तुमाला खतासाठी रानात मेंढरं बसवायचं बोलायला बोलावलंय... खोटंच की! मग काय करू? खरं सांगून आले असते व्हय? आन् आले तरी खांबाला टेकून बसले, टीव्हीकडं पाठ. म्हणे, नावातच शनी हाय, हौसेनं साडेसाती कोण लावून घिईल?

हो, हो, येते गं तिकडंच!

तर त्या तांबड्या ग्रहावरली ती सहा पायांची जनावरं... हां, अंगातून उजेड निघतो तीच. त्या उजेडावरच यान सुटणार. पर वादळात समदी पांगलेली. आन् सेनापती निघाला त्यांच्या मागं. ओसरीत समदे म्हणायले, गेली आता जनावरं, मारतो हा... आन् त्यानं काय करावं? हातातली ती उजेडाची काठी इझवली. मानेवर आडवी घातली. दोनी हात वरून खाली सोडले... आन् एका पायावर भार दिऊन उभा राहिला. जनावरांकडं बघत.

...हां! तसाच! तुझे दाजी माळावर उभे राहत्यात ना, अगदी तसाच!

मग हाळी दिली, वत्से. मेंढरांना देत्यात ती. बाकी समदं बोलणं परक्याच्या आवाजात, पर हाळी तेवढी धर्माची ठिवलीय. ती दुसऱ्याला काढताच आली नसंल... हे खांबापासून असे गर्रकन फिरले. हिरवं तोंड, कानावर शिंगं, मुखवटा समदा जागच्या जागी. आन् हे म्हणले, "हा धर्मा हाय."

हळूच. पर अर्जुनरावांनी ऐकलं. म्हणले, "काय सटवा, शनीवर बी तुझीच मेंढरं आन् तुझंच पोरगं व्हय बे?" आन् समदी ओसरी हसली... मला? मला वाटलं उठून सांगावं. पर शपथ होती ना... हे उठले, पार टीव्हीच्या तोंडापुढं जाऊन बसले. मागून पोरं वरडायली, "मामा, डोकं खाली!" यांना ऐकूच यिना.

यान? सुटलं गं. जनावरं येऊन भिडली, उजेड भरला, सुटलं... हो, मीनाक्षी वाचली... ते शास्त्रज्ञ पोरगं बी वाचलं... लगीन? कुठलं लगीन लावतीस! त्यांना श्वास घ्यायला हवा न्हवती आन् तुला अक्षता पायजेत!... हळदीचं बी न्हाई दाखवलं. गप की आता जरा.

पर सेनापती मागं राहिला. एकटाच, वादळात. दोनी हातानं मुखवटा धरला आन् काढला... आन् धर्मा. भिंतभर धर्मा, वत्से. वाळलाय गं लई. गालफडं बसलीत.

  अर्जुनराव? ते खुर्चीतून उभेच राहिले. म्हणले, "आपल्या गावचा पोरगा! आणा रे फटाके, निवडणुकीचे उरलेत ते!"... खरंच फोडले. बाया मह्या गळ्यात पडायल्या, कुत्री भुकायली...

मेला का? न्हाई कळलं. वाळूत दिसंनासा झाला आन् नावं यायला लागली. आता पुढच्या खेपेला काय करत्यात, त्यांनाच ठावं... म्यां इचारलं, तो बी सांगंना. माईला बी न्हाई सांगत!

दाजीचं?... हां, तेच तर. घरी येईस्तोवर मला वाटलं, खोटं बोलून नेलं, आता काय खरं न्हाई. दारात आले आन् म्हणले, "लाव त्याला."

 नंबरच सापडंना... उचलला. मी फोन यांच्या कानाला लावला. तिकडून "माय, बघितलं का? माय?" यांनी घसा खाकरला. आन् काय म्हणले, सांग?... न्हाई. "जेवला का" बी न्हाई. म्हणले, "वारं समोरून असल्यावर जनावरं तशी हाकत्यात व्हय? समदं इसरलास."

...देवाशप्पथ! एवढ्या दिसांनी पोराशी पयलं बोलणं हे! मी कपाळाला हात लावला.

पोरगं मग म्हणलं, "आबा, तिथं जनावरं न्हवतीच." व्हय, न्हवतीच म्हणे! एक मोकळी खोली आन् हिरवा पडदा. जनावरं मागून कॉम्प्युटरवर काढली. हे म्हणले, "मग हाळी कुणाला देत होतास?"... "आपल्या मेंढरांना," म्हणलं. "डोळ्यापुढं तीच आणली, आबा. दुसरी कुठून आणू?"

हे उंबऱ्यातच बसले, वत्से... पुढलं मला न्हाई ठावं. मला म्हणले, तू आत जा, भाकरी टाक.

अगं नको रडू, मला बी येतंय मग... आज? आज सकाळच्या पारी उठले, रोजच्यासारखी मेंढरं सोडली. ते काय वाटेवर दिसायलेत... थांब. थांब जरा. यांचा फोन वाजायला.

वत्से, उचलला गं! सोताहून उचलला!... मला काय ऐकू यिना एवढ्या लांबून... हां, आता यायलं. काळ्या मेंढीला जुळी पिलं झाल्याचं सांगायलेत. हसायलेत... एवढं मोठ्यानं बोलायलेत, मुंबईला फोनाबिगर जाईल.

अगं बया! अहो!... अहो, मेंढरं! समदी अर्जुनरावांच्या कपाशीत शिरली की! वळवा!... ऐकंनात गं. मलाच हातानं गप म्हणायलेत... ह्या माणसानं जन्मात मेंढरावरनं नजर काढली न्हवती!

ठिव, ठिव तू. मलाच जावं लागतंय काठी घिऊन... न्हाई गं, त्यांना कशाला हाक मारू? बोलू दे. ठिवते.