फॉर्मवरचं सिंगल

नंदाखालला वेलंकनीच्या सहलीचे फॉर्म भरायच्या रांगेत माझ्यापुढे एक मावशी आणि तिची भाची उभ्या होत्या.

"नताशा, इथे सिंगल लिही."

"मी अनमॅरिड लिहिते, मावशी."

"एकच ना ते?"

"एकच कसं? सिंगल म्हणजे कोणीच नाही. अनमॅरिड म्हणजे फक्त लग्न बाकी आहे."

"अगं देवा! कोण आहे?"

"वटारचा सॅमी. मम्मीला सांगू नको हां!"

"नाही सांगत. पण माझ्या फॉर्मवरचंपण सिंगल खोड."

"मावशी! साठ वर्षांची झालीस तू!"

"मग? खोड आधी. आणि ओरडू नको, स्टॅनी मागेच उभा आहे."

माझ्या खांद्यावरून फॉर्म धरलेला एक हात पुढे आला.

"सालोमी, माझंही खोडायला सांग."