खेळलो न्हाई, तपासले

मंगल : म्हणजे अण्णा, पंधरा दिवसांत तुम्ही हे सगळे खेळ खेळलात?

रामभाऊ : खेळलो न्हाई. तपासले. सरपंचानं शब्द जपून वापरावा. उद्या ग्रामसभेत कुणीबी उठायचं आन् म्हणायचं, तंटामुक्तीचा अध्यक्ष ओट्यावर बसून गेम खेळतो.

धोंडाबाई : त्याला ग्रामसभा कशाला? आख्खी आळी बघतीय की.

रामभाऊ : तू च्या ठेव.

धोंडाबाई : ठेवलाय. तुमी तपासत व्हता तवाच ठेवला.

मंगल : बरं, तपासलेत. आता निकाल सांगा. मोबाईलच्या खेळांवर गावात बंदी आणा, हा ठराव मागच्या सभेत तुम्हीच मांडलात. टेबलावर हात आपटून मांडलात. उद्या तो मंजुरीला येणार. सरसकट ‘सगळे खेळ’ म्हणून टाकू, की काही वगळायचंय?

रामभाऊ : असं उरकून चालत न्हाई ताई. फाशी द्यायची तरी आरोपीचं म्हणणं ऐकून घेत्यात. आता हा शेतीचा खेळ घ्या. गहू पेरला, च्या पिऊस्तवर कापणीला आला. नांगरट न्हाई, खुरपणी न्हाई, रानडुक्कर न्हाई. गाय निस्ती बोटानं दाबली की दूध. आन् भाव कुणी ठरवायचा? आपण! म्या वांग्याचा भाव वाढवून ठिवला, तरी गिऱ्हाईक हसत आलं. एवढं खोटं मी निवडणुकीत सुदिक ऐकलं न्हाई.

मंगल : मग बंदी.

रामभाऊ : शेतकऱ्यानं खेळू नये, जीव तुटतो. पण आपल्या वेल्ह्याच्या डोंगरात पुण्याची माणसं प्लॉट घेत्यात, कुंपण घालत्यात, आन् काय तरी लावून जात्यात ते एकदम फळं तोडाय येत्यात. मला कोडं व्हतं, ह्यांना शेती शिकवली कुणी? आता गुरू घावला.

मंगल : पुण्याच्या माणसांवर आपल्याला बंदी घालता येत नाही. पुढे चला.

रामभाऊ : बसचा खेळ. हा एक नंबर. घाट हाय, दरी हाय, धुकं हाय, अगदी आपला वरंधा. फक्त बस येळेवर सुटती. म्हातारीनं हात वर करायच्या आत दार उघडतं. एसटीची वाट बघून थकल्याल्या हिर्डोशीच्या माणसाला दाखवू नका. रडंल.

धोंडाबाई : आन् दरीत किती येळा घातली, ते सांगा की.

रामभाऊ : दोनदा. त्यात दुसऱ्यांदा समोरच्या टेम्पोची चूक व्हती.

धोंडाबाई : पयल्या खेपेला मला हाक मारली. म्हणं, चष्मा घेऊन ये, आत माणसं व्हती का बघ.

रामभाऊ : मंग बघू नये? बस दरीत गेली आन् अध्यक्ष ओट्यावर बसून ऱ्हायला, असं चालंल व्हय?

मंगल : बंदी की सूट?

रामभाऊ : सूट. गावाला तेवढीच एक येळेवर बस मिळंल. आता तो पळायचा. एक पोरगं रुळावरनं पळतंय, मागं पोलीस आन् कुत्रं. लई खेळलो, म्हंजे तपासला, पण त्या पोरानं केलंय काय, ते कुठंच सांगितलं न्हाई. गुन्हा कळल्याबिगर मी पोराच्या बाजूनं का पळू? म्या थांबवलं त्याला. म्हणलं, थांब, समोर बसून मिटवू.

मंगल : मग?

रामभाऊ : पोलिसानं धरलं. खेळ खलास. आपली समितीची पद्धत तिथं लागू न्हाई. बंदी घाला.

मंगल : आणि विमानातून उड्या मारून बंदुका चालवायचा? मला खरी काळजी त्याची आहे. आमचा प्रेम दहावीला बसलाय, आणि जेवतानासुद्धा ते सोडत नाही.

रामभाऊ : प्रेम खेळतो मातर झकास. तुमी त्याला उगा बोलता.

मंगल : तुम्हाला काय माहीत?

रामभाऊ : तपासाला पंच लागतोच.

मंगल : अण्णा! माझ्या पोराबरोबर खेळलात?

रामभाऊ : त्यानंच शिकवलं. शंभर माणसं उड्या टाकत्यात ताई. ओळख न्हाई, देख न्हाई, बांधाला बांध न्हाई, आन् उतरल्या उतरल्या एकमेकांचे मुडदे पाडत्यात. आपल्याकडं भांडणाला कारण तरी असतं.

मंगल : आणि तुम्ही किती पाडले?

रामभाऊ : एक बी न्हाई. गवतात पालथा पडून ऱ्हायलो. बाकीच्यांनी एकमेकांना संपवलं, आन् मी शेवटच्या पाचांत आलो. प्रेम म्हणतो, अण्णा, आता तरी उठा. म्हणलं, लेकरा, उठला तो गेला. निवडणुकीत असंच असतं. तुमी कशा आला निवडून?

मंगल : बिनविरोध.

रामभाऊ : म्हंजे गवतातच व्हता.

मंगल : बंदी लिहिते.

रामभाऊ : ल्ह्या. परीक्षा होईस्तवर ल्ह्या. पोरगं हुशार हाय, ते मी त्याला सांगितलंय. ह्या वर्षी पुस्तकात पालथा पड, म्हणलं.

धोंडाबाई : आन् माझ्या गोळ्यांचं काय ठरलं?

मंगल : कसल्या गोळ्या, काकू?

रामभाऊ : घ्या! घरातच मुद्देमाल हाय. रंगीत गोळ्या येत्यात, एका रंगाच्या तीन जुळवल्या की फुटत्यात. तपासाय म्हणून माझ्या मोबाईलवर घेतला, त्या दिसापासनं मोबाईल माझा ऱ्हायला न्हाई.

धोंडाबाई : तो खेळ न्हाई बया, निवडणं हाय. जन्मभर तांदळातलं खडं काढलं, तवा कुणी बंदी घातली न्हाई. आता जरा रंगीत निवडायला मिळालं, तर ठराव!

मंगल : तुम्हाला कोण अडवतंय काकू. बरं अण्णा, लुडो राहिला. गावात सगळ्यात जास्त तोच चालतो. बंदीत टाकते.

रामभाऊ : तो खेळात धरू नका.

मंगल : का?

रामभाऊ : गणित हाय ते. पोरांची बेरीज सुधारती.

मंगल : सहापर्यंतची?

रामभाऊ : कुठनं तरी सुरवात करावीच लागती.

मंगल : लपूनछपून पैसे लावून खेळतात, माहितीय ना तुम्हाला?

रामभाऊ : पैसे लावणाऱ्याला धरा. मी लावत न्हाई.

मंगल : म्हणजे खेळता.

रामभाऊ : तपास चालू हाय.

मंगल : बाकी सगळ्यांचा तपास उरकला आणि लुडोचाच चालू?

रामभाऊ : गुंतागुंतीचं परकरण हाय.

मंगल : थांबा. हा खुळखुळ कसला? फासा पडल्यासारखा.

रामभाऊ : माझ्या मोबाईलचा.

मंगल : तुमचा मोबाईल काकूंच्या हातात आहे. आवाज भिंतीपलीकडून आला.

धोंडाबाई : आला व्हय? मंग बसलं गेनूभावजी. ह्या टायमाला ते आधी एक डाव मशीनसंगं खेळत्यात, हात मोकळा कराय. मंग ह्यांना बोलावणं धाडत्यात.

मंगल : गेनबा? तुमचे धाकटे भाऊ? अहो, तुम्ही दोघं तर बोलतसुद्धा नाही!

रामभाऊ : न्हाईच बोलत. मी त्याच्याशी बोलत न्हाई, तो माझ्याशी बोलत न्हाई. तेवढ्यावर आमचं एकमत हाय.

मंगल : आणि तुम्ही तंटामुक्तीचे अध्यक्ष.

रामभाऊ : गावाचे तंटे मिटवायला नेमलंय मला. घरच्याचं त्यात काय ल्ह्यलेलं न्हाई. आन् बांध त्यानं कोरला.

धोंडाबाई : ते म्हणत्यात ह्यांनी कोरला. दोघांनी मिळून असा कोरलाय, की त्याच्यावरनं खेकड्याला बी सरळ चालावं लागतं.

मंगल : मग खेळायला कसे लागलात?

रामभाऊ : चुकून. म्या आपला तपासाय लुडो उघडला. तर तो म्हणतो, तुमच्या वळखीची ही ही माणसं खेळत्यात, कुणाला बोलवू? त्यात गेनबाचं नाव. मी नको म्हणाय गेलो, बोट दुसरीकडंच पडलं.

मंगल : नाव येतं म्हणजे नंबर तुमच्याकडे आहे. इतकी वर्षं भांडण, आणि नंबर ठेवलाय?

रामभाऊ : ठेवू नये तर काय? फोन आला तर उचलायचा न्हाई, हे कळणार कसं?

मंगल : आला कधी?

रामभाऊ : …न्हाई. म्या बी तयारीतच व्हतो.

मंगल : मग त्या दिवशी त्यांनी होकार दिला?

रामभाऊ : लगीच न्हाई दिला. भिंतीपलीकडं घसा खाकरला. मंग सोंगट्या लागल्या. मी लाल, तो हिरवा. पयला डाव माझा. दुसऱ्यात त्यानं माझी घरात निघालेली सोंगटी मारली, आन् वर हसला. इतक्या वरसांत पयल्यांदा हसला माझ्याकडं बघून. हसला म्हंजे काय, पिवळं गोल तोंड धाडलं. लुडोत असतंय तसलं.

मंगल : तुम्ही काय पाठवलं?

धोंडाबाई : हे रागावलेलं तांबडं तोंड हुडकत व्हतं. घावलं न्हाई. मंग हात जोडल्यालं धाडलं.

रामभाऊ : ती बी चूकच. मला वाटलं टाळी हाय.

मंगल : खेळतात कसे?

रामभाऊ : भित्रा. लहानपणी चिंचोक्यांनी खेळायचो तवा बी तसाच, एकच सोंगटी घरी पोचवायची, मंग दुसरी काढायची. आन् तुमाला सांगतो, मधी एकदा माझी सोंगटी त्याच्या अगदी तोंडाशी व्हती. पाच पायजे व्हतं, पाचच पडलं. मारली न्हाई. दुसरीच चालवली! मला असा राग आला. आरं, थोरल्याला सोडून देतोस? दया दावतोस? पुढच्या डावात मुद्दाम नेऊन ठिवली त्याच्या म्होरं. मारली. तवा कुठं बरं वाटलं.

धोंडाबाई : आन् ते दोन दिस सांगा.

रामभाऊ : कुठलं दोन दिस?

धोंडाबाई : भावजी खेळाय आलं न्हाईत, तवाचं. हे सांजच्याला भिंतीला कान लावून बसलं. मला म्हणत्यात, पाल हाय का बघतोय. तापानं पडलं व्हतं ते. दुसऱ्या रातीला पलीकडनं खोकला आला, तवा ह्यांनी ताट मागितलं.

रामभाऊ : भूक त्या टायमाला लागली.

मंगल : अण्णा, उद्या लुडोवर बंदी आली तर?

रामभाऊ : आली तर आली. ठराव माझाच हाय. इतकी वरसं गेली तशी ऱ्हायलेली जातील.

मंगल : किती राहिलीत?

रामभाऊ : तुमी सरपंच हाय की डॉक्टर?

मंगल : ठीक आहे. लुडो मी बंदीतून वगळते.

रामभाऊ : शाब्बास! उगा न्हाई गावानं बिनविरोध दिलं तुमाला.

मंगल : एका अटीवर. खेळणाऱ्यांनी समोरासमोर बसायचं. एक मोबाईल, मध्ये ठेवून. म्हणजे पैसे लावणारे आपोआप उघड्यावर येतील.

रामभाऊ : ही कुठली अट?

मंगल : साऱ्या गावाला सारखी.

रामभाऊ : साऱ्या गावाला न्हाई, माझ्यापुरतीच काढली तुमी! मी विरोध करीन. भर सभेत करीन.

मंगल : करा की. उभं राहा, आणि तुम्हाला समोरासमोर का बसता येत नाही, त्याचं कारण गावाला सांगा. मी ते इतिवृत्तात घेते.

रामभाऊ : इतिवृत्तात कशाला?

मंगल : काकू, चहा छान होता. येते मी. उद्या अकराला सभा आहे अण्णा, बोला काय ते तोवर.

रामभाऊ : ही बाई गवतात नव्हती. झाडावर व्हती.

धोंडाबाई : मोबाईल घ्या. भावजींचं बोलावणं आलंय.

रामभाऊ : तू जाऊन सांग त्याला. ठराव असा असा झाला, म्हणावं.

धोंडाबाई : म्या? माझ्या दोनच गोळ्या ऱ्हायल्यात. भिंत तुमच्या पाठीलाच हाय, तुमीच सांगा.

रामभाऊ : कसं सांगू?

धोंडाबाई : तोंडानं. पिवळं नको.

रामभाऊ : गेनू.

धोंडाबाई : जरा मोठ्यानं.

रामभाऊ : गेनू! आरं, ऐकतोयस का?

गेनबा (भिंतीपलीकडून) : मगापासनं ऐकतोय.

रामभाऊ : मंग खाकरायचं तरी!

गेनबा : खाकरलो असतो तर तुमी बोलायचं थांबला असता.

रामभाऊ : ठराव ऐकलास न्हवं? समोर बसावं लागंल म्हणं.

गेनबा : ऐकला. कुणाच्या ओट्यावर, दादा?

रामभाऊ : तुझ्या. माझ्या ओट्यावर ऊन येतं.

धोंडाबाई : दिस कवाच मावळला.