हातमोज्यांची चौदावी जोडी

तारीख १९ जानेवारी १९५५, बुधवार, सकाळी ७ वाजून २० मिनिटे. पोलीस ठाणे सावदा, जिल्हा पूर्व खानदेश.

माझे नाव कु. कुंदा रुपचंद भंगाळे. वय २४ वर्षे. धंदा शिवण व कर्तन शिक्षिका; या कामाची पदविका धुळ्यास घेतली. राहणार सावदा, कापड बाजारामागे. ठाण्यावर आपण होऊन आले आहे. मला कोणी बोलावले नव्हते. स्वतः पाहिले, मोजले किंवा केले, तेवढेच सांगते.

तापीथडी केळी उत्पादक मंडळीच्या महिला वर्गात मी दोन वर्षे शिकवते. मंडळीचे घड स्टेशनाच्या मालधक्क्यावर बांधून दिल्लीकडे जातात. बांधणीचे काम चौदा बायका सकाळी सहा ते दहा करतात. घडाभोवती आधी गवत, त्यावर वाळलेल्या पानांचे दोन थर, आणि केळीच्या खोडाच्या सोपटाच्या दोरीने तीन गाठी. हे सर्व घडाला थंडी लागू नये म्हणून. धक्क्यावर एक थर्मामीटरही आहे. तोही घडांसाठी आहे.

डिसेंबरात काही घड दिल्लीस काळे पडून पोचले. गाठी सैल असल्याचे तिकडून कळवण्यात आले. बायकांची बोटे पहाटे बधिर होतात, हे त्यावरून मंडळीला प्रथमच कळले. शेवंताबाई गेली अकरा वर्षे बांधणीवर आहेत. त्या तेव्हा म्हणाल्या, "केयाले थंडी वाजली म्हनून आमचे हात दिसले, बाई." मंडळीने हातमोजे घ्यायचे ठरवले व कोणते घ्यावेत याचा अभिप्राय मजकडून लेखी मागवला.

मी अभिप्राय दिला. तीन गोष्टी पाहाव्यात असे त्यात लिहिले: ऊब, बोटांची हालचाल आणि केळीचा चीक. चीक लोकरीत मुरून वाळला की लोकर पुठ्ठ्यासारखी होते. म्हणून आतून फलालीन, बाहेरून मांजरपाट, दोन्ही हातांचा अंगठा व पहिली दोन बोटे टोकाशी उघडी, आणि मनगटाशी बंद, असा नमुना शिवून सोबत जोडला. तो नमुना सेक्रेटरी भाईदास नाना यांच्या टेबलाच्या खणात आहे. घडी मोडलेली नाही.

निवड ६ जानेवारीस कचेरीत झाली. सात सभासद हजर होते. शेगडी पेटलेली होती. लष्कराच्या जुन्या मालातला खाकी लोकरीचा एक हातमोजा हातोहात फिरला. अध्यक्ष जीवराम आबांनी तो घालून शेजाऱ्याशी हात मिळवला व म्हणाले, "ऊब तं लय भारी आहे, पोरी." गाठ कोणीही मारून पाहिली नाही. दोरी आणावी का, असे मी विचारले. भाईदास नाना म्हणाले, "दोरी कायले? हात गरम झाला का बोटं आपोआप चालतात." इतिवृत्तात 'प्रात्यक्षिक समाधानकारक' असे लिहिले आहे.

सोमवारी, १० तारखेस, चौदा जोड्या वाटल्या. मी हजर होते. पारा ४४ अंश फॅरनहाइटवर होता. हातमोज्याचे मनगट घट्ट विणीचे व चार इंच लांब आहे. ते काचेच्या बांगड्यांवरून चढत नाही, खालून सरकत नाही. तेरा बायकांनी प्रयत्न केला. एकूण नऊ बांगड्या फुटल्या. भाईदास नाना म्हणाले, "मंग काढून ठेवा. बांगड्या काही पयून जात नाहीत." शेवंताबाई नानांच्या पत्नीचे नाव घेऊन म्हणाल्या, "नाना, आधी तुमच्या घरी लताबाईले काढाले लावा. तिनं काढल्या का आम्ही बी काढतो." बायका हसल्या. नाना हसले नाहीत.

चौदाव्या बाई भिकुबाई. त्यांच्या हातात हातमोजा एका दमात गेला. सगळ्यांनी तिकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "मले बरोबर बसतात हे. माप माझंच घेतलं व्हतं वाटते." त्यांनी हातमोजे घालून पहिला घड घेतला. नऊ मिनिटे लागली. गाठ बसली नाही. हातमोज्याचे एक बोट मात्र दोरीत बांधले गेले. भिकुबाईंनी ते सोडवले, हातमोजे उतरवून ओच्यात ठेवले आणि उघड्या हातांनी कामाला लागल्या. त्याच दिवशी नानांनी फळ्यावर लिहिले की, सोमवार १७ पासून हातमोजे न घालणारीस काम नाही.

शुक्रवारी संक्रांत होती. शेवंताबाईंकडे हळदीकुंकू होते. बांधणीवरच्या बारा बायका हातमोजे घेऊन तेथे आल्या; तेरावी जोडी शेवंताबाईंचीच. तसे मीच सांगितले होते. दुपारी तीन ते सहा या वेळात मी माझ्या कात्रीने तेरा जोड्या कापल्या. प्रत्येक हाताची तीन बोटे पहिल्या पेरापर्यंत, व मनगटाला आतल्या बाजूने चार इंच चीर, बांगड्यांवरून बांधता यावी म्हणून दोन नाड्यांसह. कडा उसवू नयेत म्हणून काजाला घालतात तो टाका घातला. शेवंताबाई तिळगूळ देताना म्हणाल्या, "औंदाचं वाण हातमोज्यायचं. सरकारी हाये, जपून वापरा." भिकुबाई तेथे नव्हत्या. का नव्हत्या, ते ठाण्यातील सर्वांना ठाऊक आहे. लिहिण्याची गरज नाही.

सोमवारी १७ तारखेस पहाटे मी धक्क्यावर वेळ मोजली. पूर्वी उघड्या हातांनी दहा घडांस सत्तावीस मिनिटे लागत व तीस गाठींपैकी सहा सैल निघत. कापलेल्या हातमोज्यांनी एकोणीस मिनिटे लागली. सैल गाठ एकही नाही. चीक मात्र लोकरीला लागतोच. त्याला माझा इलाज नाही. मोजणी संपवून मी परीक्षेच्या कामासाठी धुळ्यास गेले. आज पहाटेच्या गाडीने उतरले तेव्हा कळले की, माझ्यामागे नानांनी मंडळीच्या मालाच्या नुकसानीची फिर्याद दिली आहे. शेवंताबाईंचे नाव कामाच्या यादीतून काढले आहे, त्यांना काल दिवसभर येथे बसवले व आज पुन्हा बोलावले आहे.

हातमोजे आपणच कापले असे शेवंताबाईंनी कबूल केल्याचे मला वाचून दाखवले. त्यांनी तसे का सांगितले ते त्यांना विचारावे. त्यांच्या घरी कात्री नाही, विळी आहे. कापलेल्या कडा पाहाव्यात. विळीने लोकर इतकी सरळ कापली जात नाही. टाकेही मोजावेत, इंचाला नऊ आहेत. सावद्यात असा टाका दुसरे कोणी घालत असल्यास त्यांना मंडळीने शिक्षिका नेमावे. माझी जागा आजपासून रिकामी होईल असे नानांनी आताच बाहेर सांगितले आहे. नुकसान करणारा माणूस नंतर कडा शिवत बसतो की काय, याचा विचार तपासात व्हावा.

फिर्यादीत तेरा जोड्या व बोटांची अठ्ठ्याहत्तर टोके लिहिली आहेत. ते चूक आहे; हळदीकुंकवाला नसलेली चौदावी जोडी त्यात धरलेली नाही. शनिवारी १५ तारखेस सकाळी मी भिकुबाईंच्या घरी गेले व त्यांची जोडी कापली. तिची सहा टोके या कागदात आहेत, ती हजर करते. बोटे कापणे गाठीसाठी आवश्यक होते. मनगटाची चीर आवश्यक नव्हती. तीही दिली, नाड्यांसह. भिकुबाई म्हणाल्या, "बाई, माझ्या हातात कुठी बांगड्या हायेत?" मी सांगितले की, नमुना एकच असावा लागतो. त्यानंतर त्यांनी चहा केला.

हा जबाब लिहिताना हवालदार अभिमन यांची बोटे थंडीने आखडली व टाक दोनदा खाली पडला. भाईदास नाना समक्ष होते. मंडळीकडे नमुना म्हणून ठेवलेली न कापलेली पंधरावी जोडी त्यांनी पुढे केली. ती घालून हवालदारांना टाक धरता आला नाही; कागदावर डाग पडला, तो वर दिसतो. नंतर त्यांनी मुद्देमालातील कापलेली जोडी घातली व 'तापीथडी'पासून पुढचा सर्व मजकूर त्या हातांनी लिहिला. हे लिहिण्यास ते तयार नव्हते. मी आग्रह धरल्यावर लिहिले.

हवालदारांनी शेवंताबाईंना घरी जाण्यास सांगितले आहे. त्या बाहेर बाकावर बसून आहेत. माझी सही होईपर्यंत उठणार नाही, म्हणतात.

मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी शब्दन् शब्द ऐकला. माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. दुरुस्ती एकच, ती फिर्यादीत करावी: गुन्हा असेल तर चौदा जोड्यांचा लिहावा, तेरांचा नको.

सही: कुंदा रुपचंद भंगाळे